पूर्वेकडच्या शेतमालकांनी लक्ष द्यावे

श्रावणातला पहिला मंगळवार. सकाळचे सव्वानऊ. आभाळ भरलेलं, पाऊस नाही.

हजर: कंट्रोलर साहेब, म्हणजे लॉनचे मालक, माइकपाशी. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे. लॉनमधलं तण निंदायला येणाऱ्या बायांची म्होरकी शांताबाई, फाटकाजवळ. बुकिंगचं पाहणारी मी, ऑफिसच्या पायरीवर. आणि बांधापलीकडे, पूर्वेच्या शेतात, गुडघ्याएवढ्या कपाशीच्या पऱ्हाटीत उभे असलेले चाचा. पाहुणे कोणी नाहीत. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे खुर्च्या एकावर एक रचून ताडपत्रीखाली.

लॉन रिकामं असताना साहेबांनी भोंगा सुरू केला याचं आम्हाला नवल वाटलं नाही. ते नेहमीचंच होतं. नवल वाटलं ते पुढे. पण ते का वाटलं हे कळायला आधी तो माणूस माहीत हवा.

कंट्रोलर साहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अकोल्याच्या स्टँडवर, जाळीमागच्या खुर्चीत, त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी आणि आवाज घेऊन घरी आले. शिट्टी परत करायची असते का ते मला माहीत नाही. त्यांनी केली नाही, एवढं खरं.

शहराबाहेर बायपासला लागून त्यांची वडिलार्जित अडीच एकर जमीन होती. कापसाची वर्षं वाईट चालली होती. बीटीची पाकिटं दुकानांत नुकती आली होती. कोणी घेत होतं, कोणी नुसतं हातात धरून पाहत होतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज कोणी ना कोणी शेतकरी जीव देऊन गेलेला असे, लोक ते न वाचताच उलटत. अशा दिवसांत या माणसाने पऱ्हाटी काढली, जमीन सपाट करून घेतली आणि हरळी लावली. विकत आणून लावली. आमच्याकडे हरळी ही शेतकऱ्याची वैरीण. एक कांडी राहिली की पुढच्या वर्षी वावर तिचं. शेजारचे चाचा बांधावरून सगळं पाहत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगत, "आमी जल्मभर हरळी उपटली, अन् हा मानूस तिले पानी देऊन राह्यला."

वर्षभरात तिथे लॉन उभं राहिलं. अकोला-अमरावतीकडे लॉन म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही, लग्नाची जागा येते. साहेबांच्या डोळ्यांपुढे दोन्ही येत, पण गवत आधी येई. लागोपाठ दोन दिवस लग्न ते घेत नसत. मधला दिवस गवताचा.

मी ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते ती बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे काम मागायला गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. गाडी चुकलेल्या प्रवाशाला काय सांगायचं? मी म्हटलं, पुढची गाडी किती वाजता आहे ते. "भरती झाल्या," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी कंडक्टर बाई. मंडपवाल्यांना कामाला लावायचं असलं की ते मला डबल बेल द्यायला सांगत, आणि आचारी भाजीत तेल ओततच सुटला की सिंगल बेल. मी दोन्ही वेळा नुसती हाक मारत असे. त्यांचं समाधान होई.

लॉनवर त्यांनी फलाट पाडले होते. स्टेज म्हणजे फलाट एक, जेवणाची रांग दोन, मुलीकडच्यांच्या खोल्या तीन. संडासाच्या दारावर त्यांनी रंगाऱ्याकडून 'विनंती थांबा' असं लिहवून घेतलं होतं. काकूंनी ते दुसऱ्या दिवशी पुसायला लावलं. आणि लग्न कोणाचंही असो, माइक साहेबांच्या हातात. बाळापूरहून येणारी एक वरात रस्त्यात नाचत राहिली, मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी भर मांडवात शुद्ध मराठीत घोषणा केली की, बाळापूरहून येणारी वरात आपल्या नियोजित वेळेपेक्षा पावणेदोन तास उशिराने धावत आहे, उपस्थितांनी कृपया नोंद घ्यावी. मांडव हसला. नवरदेवाचा मामा आधीच पोचलेला होता, तो हसला नाही. तरातरा येऊन त्याने विचारलं, "हे काय एसटी हाये काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "एसटी असती त आतापर्यंत आली असती."

गंमत अशी की हा माणूस समोरासमोर कोणालाही कडू बोलू शकत नसे. समोर माणूस आला की त्यांचा आवाज खाली जायचा, तब्येत विचारायचे, चहा सांगायचे आणि मुद्दा राहून जायचा. कडू ते सगळं माइकवरून. आचाऱ्याला काढायचं होतं, माइकवरून काढलं. घरच्या वरणात मीठ जास्त झालं तर ताटावरून उठून ऑफिसात येत आणि भोंग्यावर सांगत की, आजच्या वरणात मिठाचं प्रमाण अधिक असल्याचं आढळून आलं आहे. काकू तिकडून ओरडत, "अहो, वायर कापून टाकीन." एकदा खरंच कापली होती. मी त्यांना याचं कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "जाळीच्या मांगून सांगतलं का मानूस ऐकते. समोर उभं राहून सांगतलं का भांडते." माझ्या मते लोक दोन्हीकडे भांडतच होते. जाळीमागे त्यांना ऐकू येत नसे.

पण एक होतं. ते कधी खोटी वेळ सांगत नसत. एकदा वीज गेली आणि जनरेटरवाला तासभर येणार नव्हता. मी पाहुण्यांना 'आत्ता येईल' म्हणणार होते. त्यांनी मला अडवलं. उशीर होतो, तो होणारच, पण झालेला उशीर सांगितला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तासाला तास म्हणा. लोक चिडतील, बसतील, पंख्याऐवजी पत्रिका हलवतील. पण आत्ता येईल म्हणून तासभर बसवलेला माणूस पुन्हा आपल्या स्टँडवर येत नाही.

आता गवताकडे. रोज सकाळी छत्री घेऊन ते लॉनभर फिरत आणि छत्रीच्या टोकाने तण टोचत. तणाला ते 'बिनातिकीट' म्हणत. "कंडक्टर बाई, फलाट दोनवर बिनातिकीट लय चढले." गाजरगवत, तरोटा, रानमाठ, दुधाणी. शांताबाई आणि तिच्या बाया खुरप्याने काढून टाकत, पावसाची सर आली की आठवड्यात पुन्हा तेच. त्या उन्हाळ्यात सप्तपदीला अनवाणी निघालेल्या एका नवरीच्या पायात गोखरू रुतलं. काटा ताबडतोब निघाला, नवरी हसली, कोणी काही बोललं नाही. साहेब मात्र दोन दिवस माइकला शिवले नाहीत.

मग ते कृषी केंद्रात गेले आणि तणनाशक घेऊन आले. टू-फोर-डी. ते काय करतं हे त्यांनी आम्हाला अर्धा तास उभं करून समजावलं. गवत अरुंद पानाचं, त्याला ते काही करत नाही. रुंद पानाचं जे असेल त्याला मात्र वेडंवाकडं वाढायला लावून मारतं. साहेबांना या गोष्टीने अगदी भारून टाकलं होतं. सगळी गाडी रिकामी न करता नेमके बिनातिकीटवालेच उतरवायचे, असं आयुष्यभर त्यांना जमलं नव्हतं. शांताबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आता आमालेच उतरवलं म्हना की." साहेबांनी तिला चहा सांगितला.

दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या होत्या. वारा असताना मारू नका. आणि जवळपास पऱ्हाटी असेल तर फार जपा. पऱ्हाटीचं पान रुंद. त्या औषधाला पानाची जात कळते, पीक कोणतं आणि तण कोणतं हे कळत नाही. चाचांच्या वावरात गवत नको आणि रुंद पान हवं. इकडे बरोबर उलटं. आणि मध्ये हातभर बांध. हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. पण ऑफिसातल्या फळ्यावर त्यांनी खडूने वेळ लिहिली होती, मंगळवार, सकाळी आठ दहा, आणि फळ्यावर लागलेली गाडी त्यांनी जन्मात अडवली नव्हती.

तो आषाढातला मंगळवार. मी पत्रिकांच्या कामाला अमरावतीला गेले होते. पुढचं शांताबाईच्या तोंडून कळलेलं. बांधावरच्या बाभळीला चाचांनी लुंगी वाळत घातली होती. "ते लुंगी फडफड करून राह्यली होती, बाई. म्या म्हनलं, साहेब, हवा हाये. त मले म्हने, शांताबाई, आठ-दहाची हाये." आणि पाठीवर पंप, गळ्यात शिट्टी, असा हा माणूस पश्चिमेच्या वाऱ्यात लॉनभर फिरला.

तण मेलं, यात शंका नाही. आठवड्याभरात तरोट्याच्या माना पिळल्यासारख्या झाल्या, गाजरगवत सुतळीसारखं वळून आडवं पडलं. हरळीला ओरखडा नाही. साहेब मला बोटाला धरून फिरवल्यासारखे सगळे फलाट दाखवत होते. इतके खूश मी त्यांना आणखी एकदाच पाहिलं आहे, आणि ते यानंतर.

चाचा जुन्या शहरात राहत. गाद्या-रजयांचं घरचं दुकान मुलांवर सोपवून रोज सकाळी लूनावर डबा अडकवून वावरात येत. चार एकर. त्यातला बांधाला लागून असलेला एकर सगळ्यांत काळा, सगळ्यांत चांगला. दुपारी बांधावर येऊन ते साहेबांशी चहा घेत आणि हरळीवरून त्यांना टोमणे मारत. साहेब त्यांना भाईजान म्हणत, ते साहेबांना अरे कंट्रोलर. त्या आषाढाच्या शेवटी ते चहाला येईनासे झाले. आम्हाला वाटलं, तब्येत. ते वावरातच असत, त्या एकरात, एकेका झाडापाशी थांबत.

पऱ्हाटीची नवी पानं बिघडली होती. चांगलं पान पंजासारखं पसरतं. ही पानं चिंचोळी, बोटं एकमेकांना चिकटलेली, टोकं दोऱ्यासारखी ओढलेली. कोणी म्हणालं रोग, कोणी म्हणालं बियाणं फसवं, एक जण म्हणाला जमीनच थकली. पाऊस अजून हाती होता. उभं पीक वखरून टाकून तूर घ्यायची असं चाचांनी ठरवलं. बैलजोडी बुधवारची सांगितली. हे त्यांनी शांताबाईला सांगितलं, कारण पेरणीला बाया लागणार होत्या. शांताबाईने आम्हाला सांगितलं.

ते ऐकल्यावर साहेब पहिल्यांदा बांधावर जाऊन नीट पाहून आले. येताना एक पान खिशात. मग उकिरड्यावर टाकलेला वाळका तरोटा शोधला आणि दोन्ही ऑफिसच्या टेबलावर शेजारी ठेवली. पीळ एकच होता. ते त्या दिवशी जेवले नाहीत असं काकूंनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागदात गुंडाळून ते कृषी विद्यापीठात गेले. तिथल्या एका जाणत्या माणसाने पाहताच ओळखलं. पऱ्हाटीला या औषधाचा वास जरी लागला तरी ती अशीच होते, म्हणाला. पण उडून गेलेलं थोडंच असेल आणि शेंडा जिवंत असेल तर पीक सावरू शकतं. मोडू नका, वीसेक दिवस थांबा. नवं पान सपाट निघालं तर कापूस येईल, जरा उशिरा येईल.

म्हणजे गोष्ट अशी होती. साहेब गप्प राहिले असते तर बुधवारी वखर फिरला असता, पीळ पडलेली पानं मातीत गेली असती, आणि ते औषध आमच्या लॉनवरून आलं हे कोणाला कधी कळलं नसतं. चाचा रोगाला किंवा बियाण्याला बोल लावत राहिले असते. आणि वाचू शकणारा एक एकर कापूस उगाच गेला असता.

रविवारी साहेब बांधावर गेले आणि पावसाबद्दल बोलून परत आले. सोमवारी सकाळी गेले, चाचांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि परत आले. सोमवारी संध्याकाळी पुन्हा गेले, तेव्हा चाचांनीच विचारलं, "काहून रे कंट्रोलर, तुह्यं काही हरपलं काय इकडं?" ते नाही म्हणाले आणि परत आले. काकू मला म्हणाल्या, "याईच्यानं नाई होत. उद्या मीच जातो सांगाले." पण मंगळवारी सकाळी साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले, आणि त्यांनी भोंगा सुरू केला.

आधी शिट्टी वाजवली. मग तोच स्टँडवरचा आवाज.

"लक्ष द्या. पूर्वेकडच्या शेतमालकांनी कृपया लक्ष द्यावे. मागील महिन्यात मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी या लॉनवर तणाचे औषध मारण्यात आले. त्या वेळी वारा सुटलेला होता. वारा सुटल्याचे निदर्शनास आणून दिल्यानंतरही औषध मारण्यात आले. सदर औषध बांध ओलांडून आपल्या पऱ्हाटीवर गेलेले आहे."

इथे ते थांबले. भोंग्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. चाचा पऱ्हाटीत ताठ उभे.

"भाईजान, म्याच मारलं," भोंगा म्हणाला. "रोग नाही तो. बियानंबी चांगलं हाये. उद्या वखर नका घालू. वीस दिवस थांबा. नवं पान चपटं निंघालं त पऱ्हाटी वाचली. नाही निंघालं त त्या एकराचं जे होईल ते माह्या अंगावर." आणि मग, जणू सवयीने, "गैरसोयीबद्दल क्षमस्व."

माइकवरून ते अशी भाषा कधी बोलले नव्हते. आम्ही तिघी चाचांकडे बघत होतो. ते सावकाश चालत आले, ओळी न तुडवता, आणि बांधावर उभे राहिले. साहेब ऑफिसच्या खिडकीत, हातात अजून माइक.

"पयले तो भोंगा बंद कर," चाचा म्हणाले. "मी इथंच त उभा हावो."

साहेबांनी बंद केला.

"पंधरा दिवस झाले, मी घरी कोनाले सांगतलं नाही. पोराईलेबी नाही. मले वाटलं, माह्या जमिनीलेच काही झालं. बाप कसत होता ते जमीन." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली. "रोग नाही न?"

"नाही."

"जमीन चांगली हाये न?"

"एक नंबर हाये, भाईजान."

चाचा तिथेच बांधावर खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्याही, चांगल्या पाच-सात, हिंदीत आणि वऱ्हाडीत, साहेबांच्या हरळीच्या सात पिढ्यांना. पण त्यात पंधरा दिवसांचं ओझं उतरल्याचा आवाज होता. शिव्या संपल्यावर ते म्हणाले, "आता आयक. रोज सकाळी तू इथं येशीन. माह्यासंगं पान पाह्यशीन. मी एकटा नाही पाहनार आता. तुह्या पापाले तू हजर राह्य."

बैलजोडीवाल्याला निरोप गेला. आणि पुढे रोज सकाळी साडेसहाला दोघं म्हातारे त्या एकरात. साहेब छत्री घेऊन जात, चाचांनी ती दुसऱ्याच दिवशी बांधावर ठेवायला लावली, "माह्ये झाडं टोचू नको." वाकून शेंडे बघत, एक म्हणे थोडा फरक आहे, दुसरा म्हणे तुझ्या डोळ्यांत फरक आहे. एके दिवशी चाचा इतके चिडले की त्यांनी साहेबांना वावरातून हाकलून दिलं आणि अर्ध्या तासाने शांताबाईला पाठवून परत बोलावलं. पाऊस असला तरी साहेब चुकले नाहीत. उशीर झाला नाही. काकू दोघांसाठी चहाची किटली बांधावर पाठवू लागल्या, आणि चाचा आधी पान पाहत, मग किटलीला हात लावत. मी त्यातून अंदाज बांधायची: किटली लवकर रिकामी परत आली तर त्या दिवशी काही दिसलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैलांच्या साजासाठी वर्गणी मागायला आलेल्या पोरांशी हुज्जत घालत होते. साहेब फाटकातून आत आले. चिखलाने पाय भरलेले, तसेच हरळीवरून चालत आले, ज्या हरळीवर ते कोणाला चप्पल घालून जाऊ देत नसत. मी माइकची बटणं दाबायला उठले, कारण मला वाटलं, काहीतरी सांगायचं असणार. त्यांनी हाताने नको म्हटलं. जवळ येऊन, पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पान चपटं हाये."

मी जाऊन पाहिलं. चाचा एका शेंड्याजवळ उकिडवे बसले होते. खालची पानं अजून तशीच, पीळ पडलेली, पण टोकाला तळहाताएवढं कोवळं पान, पंजासारखं उघडलेलं. शेजारच्या झाडालाही. पुढच्या ओळीतही. चाचांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, तुमाले दिसते न? का आमालेच दिसून राह्यलं?" मी म्हटलं, दिसतंय. मग ते उठले, गुडघे धरून, आणि साहेबांच्या पाठीत एक जोरदार धपका घातला. साहेब पुढे झुकले. मला तर नुसतं हलकं वाटत होतं. त्या वर्षी गावोगावी जे कानावर येत होतं त्यात, आमच्या हातून मोडायला आलेली एक तरी गोष्ट न मोडता राहिली, याचा मला आजही आधार वाटतो.

त्या एकराची पहिली वेचणी बाकीच्या वावरापेक्षा उशिरा झाली, दिवाळी होऊन गेल्यावर. वेचणीला शांताबाईच्याच बाया. पहिल्या वेचणीला वावरात दगड मांडून दही-भाताचा नैवेद्य दाखवायची रीत आहे, सीतादही म्हणतात. चाचांनी ती कधी अडवली नाही. उलट दही ते जुन्या शहरातून आणून देत. त्या वर्षी दही काकूंनी लावलं. चाचांनी कापसाचं एक बोंड साहेबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे घे. बिनातिकीट हाये." बाया इतक्या हसल्या की वेचणी थांबली.

साहेबांनी पुन्हा पंप पाठीला लावला नाही. तण शांताबाईकडे परत आलं, मजुरीसकट, आणि ती दरवर्षी त्यांना विचारत असे, "साहेब, एखादी आठ-दहाची सुटते का?" ते तिला चहा सांगत. फळ्यावरच्या वेळेपुढे मात्र त्यांनी एक नवा रकाना पाडला होता, 'वारा'. तो त्यांनी लग्नाच्या दिवशीही भरला, मंडपवाले त्याकडे बघून डोकं खाजवत.

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकू अचलपूरला मुलीकडे असतात. लॉन मीच बघते. चाचा लूनावरून येत नाहीत, मुलगा गाडीने आणून सोडतो, तरी येतात.

एक गोष्ट तेवढी राहिली आहे. औषधाची बाटली अर्धी उरली होती. त्या वर्षांत अशी बाटली कोणाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नसते, एवढं इथे सगळ्यांना कळत होतं, म्हणून साहेबांनी ती घोषणा केली त्याच दिवशी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली. पुढे ती टाकायची कशी हा प्रश्न. नाल्यात ओतावी तर पाणी मोर्णा नदीला जातं. पुरावी तर मुळाशी काय लागेल सांगता येत नाही. दुकानदार फोडलेली बाटली परत घेत नाही. विद्यापीठात विचारलं, तर म्हणाले, अशा वस्तू गोळा करायला माणूस येतो तेव्हा द्या. तो माणूस अजून आमच्याकडे आलेला नाही. मी दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज देऊन आले. बाटलीवरचं लेबल गेलंय, म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टीने कागद लावला आहे, त्यावर काय आहे ते आणि कशाला घातक आहे ते लिहून. किल्ली माझ्या कमरेला.

यंदाची पावसाळ्याआधीची कामं: पन्हळी साफ करणे. भोंग्याची वायर बदलणे. खुर्च्या मोजून ताडपत्रीखाली लावणे. बाटलीची सोय.

पहिली तीन झाली.